'सेल' कोणता आणि 'प्रिन्सिपल' कोणता? सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द लिहिताना

आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची होती आणि दोन दिवस पाणी बंद राहणार होते, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मी जिन्याजवळच्या फळ्यावर इंग्रजीत एक सूचना लावली. तिच्या शेवटी 'प्लीज बेअर विथ अस', म्हणजे 'कृपया थोडे सोसून घ्या', अशी विनंती होती. तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त मुद्रितशोधक काका ती वाचून वर आले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सेक्रेटरी, विनंती पोचली, पण या वयात आम्हाला ते जमायचे नाही." सोसणे या अर्थाचा शब्द बी-ई-ए-आर असा लिहितात, मी बी-ए-आर-ई लिहिले होते आणि त्याचा अर्थ उघडे, विवस्त्र असा होतो. संगणकाने त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली नव्हती, कारण शब्द कोशात आहे आणि त्याचे स्पेलिंगही बरोबर आहे. फक्त तो माझ्या वाक्यातला शब्द नव्हता. अस्वल आणि सोसणे या दोघांचे स्पेलिंग इंग्रजीत एकच आहे, हे काकांनी जाता जाता सांगितले. ते तेव्हापासून विसरलेलो नाही.

अशा चुका टाळण्याची जी पद्धत मला उपयोगी पडली, ती येथे मांडतो आहे. लेखात इंग्रजी स्पेलिंग अक्षरांची नावे घेऊन दिले आहे, जसे आपण शाळेत पाठ करताना म्हणत असू. वाचताना ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिले, तर अधिक लक्षात राहील.

आधी चूक कोणाची आहे ते ठरवा

गोंधळात टाकणाऱ्या शब्दांचे दोन ढीग करावेत, कारण दोघांवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्या ढिगात असे शब्द येतात, की जे खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेला माणूसही अगदी सारखेच उच्चारतो. रात्र आणि सरदार या दोन्ही अर्थांचा 'नाइट', समुद्र आणि पाहणे या दोन्ही अर्थांचा 'सी', मांस आणि भेटणे या दोन्ही अर्थांचा 'मीट' हे त्यातले आहेत. येथे कान कितीही तयार केला तरी उपयोग नाही, कारण ऐकण्यासारखा फरकच उरलेला नाही. एके काळी तो होता. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला आणि पुढे छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले, परंतु लोकांच्या तोंडचे स्वर त्याच शतकांत मोठ्या प्रमाणावर सरकत होते. सरदारवाचक 'नाइट'मधला सुरुवातीचा के पूर्वी खरोखर उच्चारला जात असे. भेटण्याच्या 'मीट'मधले दोन ई आणि मांसाच्या 'मीट'मधले ई-ए हे दोन वेगळे स्वर होते. उच्चार पुढे गेला आणि लेखन मागे राहिले. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात आणि लिहिताना मात्र एक दिवस होतो व दुसरा गरीब, त्यातलाच हा प्रकार आहे.

दुसऱ्या ढिगातले शब्द इंग्रजी माणसाला मुळीच सारखे वाटत नाहीत. ते फक्त आपल्याला सारखे वाटतात. विक्री आणि विकणे हे दोन 'सेल', लेखणी आणि वेदना हे दोन 'पेन', चाचणी आणि चव हे दोन 'टेस्ट' या ढिगात जातात. मराठी माणसाच्या इंग्रजी लेखनातल्या बहुतेक विनोदी चुका येथून येतात, तरीही या ढिगाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, कारण इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकांत हे शब्द जोडीने येतच नाहीत. म्हणून आधी हाच ढीग घेऊ.

आपल्या कानाच्या चुका

इंग्रजी शब्दांसाठी मराठीने लेखनात काही चांगल्या सोयी करून घेतल्या आहेत. 'बॅट' आणि 'बॉल' लिहिण्यासाठी अर्धचंद्र आला. व्ही या अक्षराला 'व्ह' आणि एकट्या डब्ल्यूला 'व' (डब्ल्यू-एचला मात्र 'व्ह'च) लिहिण्याची आपली पद्धतही फार उपयोगाची आहे. 'व्हिडिओ', 'व्होट', 'नोव्हेंबर' यांत व्ही आहे आणि 'विकेट', 'वॉच' यांत डब्ल्यू आहे, हे मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून द्राक्षाचा वेल 'व्हाइन' आणि त्याच द्राक्षांची 'वाइन' यांत आपली गल्लत होण्याचे काही कारण नाही. मराठीत शब्द कसा छापतात ते आठवले की पुरे.

ए या स्वराच्या बाबतीत मात्र अशी सोय झाली नाही. मराठीतला 'ए' नेहमी दीर्घच असतो. इंग्रजीत मात्र एक आखूड, तोंड किंचित अधिक उघडून उच्चारलेला ए आहे आणि दुसरा लांबवून शेवटी 'इ'कडे झुकणारा ए आहे. या दोघांनाही आपण एकाच मात्रेखाली बसवतो आणि मग 'लेटर' म्हणजे पत्र की नंतर, 'पेपर' म्हणजे कागद की मिरी, 'जेल' म्हणजे तुरुंग की केसांना लावायचा पदार्थ, 'डेट' म्हणजे तारीख की कर्ज, हे केवळ संदर्भावरून ओळखावे लागते. बोलताना संदर्भ मदतीला धावतो, परंतु लिहिताना बोट घसरते.

यावरचा उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा म्हणजे दोन उच्चार आपल्यापुरते वेगळे करणे. मराठीत स्वर लांबवला हे दाखवण्यासाठी आपण अवग्रह वापरतो, तोच वहीत वापरावा. लेखणी 'पेन', वेदना 'पेऽन'. पत्र 'लेटर', नंतर 'लेऽटर'. विकणे 'सेल', विक्री 'सेऽल'. आठवडाभर असे लिहून मोठ्याने म्हटले, की जीभ तो फरक करू लागते आणि मग कानही तो धरतो.

दुसऱ्या टप्प्यात त्या उच्चाराला स्पेलिंगची जोड द्यायची. आखूड ए बहुधा एकट्या ई या अक्षराने लिहितात आणि पुष्कळदा त्याच्या मागचे व्यंजन जोडीने येते. विकण्याच्या, सांगण्याच्या आणि घंटेच्या शब्दांत शेवटी दोन एल आहेत, पत्रात दोन टी आहेत, मिरीत दोन पी आहेत. लांब ए बहुधा ए या अक्षराने लिहितात आणि त्याच्या जोडीला आय किंवा शब्दाच्या शेवटी मुका ई असतो: वेदना पी-ए-आय-एन, जामीन बी-ए-आय-एल, विक्री एस-ए-एल-ई, चव टी-ए-एस-टी-ई. मध्ये एकच व्यंजन असलेला कागदही याच घरचा. हा नियम सर्वत्र चालत नाही. 'म्हणाला' या अर्थाच्या शब्दात ए-आय असूनही उच्चार आखूड 'सेड' असा होतो आणि आठच्या आकड्यात ए हे अक्षर नसताना उच्चार लांब होतो. तरीही शंभरातल्या बहुतेक वेळा तो हात देतो, हा माझा अनुभव आहे.

'घर विकणे आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी पाटीवर एस-ई-एल-एल लिहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे उच्चाराशिवाय व्याकरणानेही उत्तर मिळते. 'फॉर'च्या पुढे नाम लागते, म्हणून तेथे 'विक्री' हवी, 'विकणे' नको, म्हणजे एस-ए-एल-ई. गंमत अशी, की आपण मराठी पाटीवर 'विकणे आहे' असे क्रियापद लिहितो आणि बहुधा तेच मनात ठेवून इंग्रजी पाटी रंगवून घेतो.

एस आणि झेड यांच्या आवाजांची आपली गल्लतही याच जातीची आहे. सैल या अर्थाचा शब्द मराठीत आपण 'लूज' असा घेतला, 'लूज मोशन'ही त्यातूनच आले, परंतु इंग्रजीत त्याचा शेवट स्वच्छ स-कारान्त, 'लूस' असा आहे आणि त्यात दोन ओ आहेत. हरवणे किंवा गमावणे या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी मात्र 'जर-तर'मधल्या ज-च्या जवळचा आवाज येतो आणि त्यात एकच ओ आहे. गमावणाऱ्याचा एक ओ गमावला, असे लक्षात ठेवावे. किंमत आणि बक्षीस यांच्यातही हेच. किंमत सी-ई-कारान्त आणि 'स'च्या आवाजाची, बक्षीस झेड-ई-कारान्त आणि 'ज'च्या आवाजाचे.

मराठीला विचारा

आता पहिल्या ढिगाकडे वळू. येथे कानाला रजा द्यावी आणि वाक्याचा तेवढा तुकडा मनात मराठीत करून पाहावा. इंग्रजीत जे शब्द सारखे ऐकू येतात, ते मराठीत बहुधा एकमेकांपासून कोसभर दूर असतात आणि आपल्याला हा फायदा इंग्रजी माणसापेक्षा जास्त आहे.

'देअर' हा सर्वांत बदनाम शब्द घ्या. मराठीत 'त्यांचा, त्यांची, त्यांचे' असे येत असेल, तर टी-एच-ई-आय-आर. 'तेथे' येत असेल, तर टी-एच-ई-आर-ई. 'येथे' या अर्थाचा एच-ई-आर-ई हा शब्द त्याच्या पोटातच आहे, म्हणजे येथे आणि तेथे हे भाऊ आहेत. 'ते आहेत' असे येत असेल, तर दोन शब्दांचा संकोच झालेला आहे आणि त्यात लोपचिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, हवे. 'युअर'च्या बाबतीत 'तुमचा' आणि 'तुम्ही आहात', 'हूज'च्या बाबतीत 'कोणाचा' आणि 'कोण आहे' अशी हीच परीक्षा लागू होते. 'वेदर' म्हणताना मराठीत 'की नाही' आले, तर डब्ल्यूनंतर एच येतो, जसा तो 'व्हॉट', 'व्हेन', 'व्हेअर' या प्रश्नार्थक शब्दांत येतो. हवामान आले, तर एच मागे जातो आणि मध्ये ई-ए येतात, 'हीट'मधल्यासारखेच. उच्चार अगदी एक नसला तरी याच परीक्षेने सुटणारी आणखी एक जोडी: 'पेक्षा' असेल तर टी-एच-ए-एन आणि 'तेव्हा' किंवा 'मग' असेल तर टी-एच-ई-एन. 'तेव्हा'मधला ए-कार आणि इंग्रजीतला ई यांची मी सांगड घालून ठेवली आहे.

'इट्स'पाशी थोडे थांबले पाहिजे, कारण तेथे चांगले लिहिणारेही घसरतात. रामचा, शाळेचा, भारताचा असे लिहिताना इंग्रजीत नामापुढे लोपचिन्ह आणि एस लावतात, त्यामुळे 'त्याचा' लिहितानाही तसेच चिन्ह द्यावे असे आपल्याला वाटते. पण पुरुषवाचक सर्वनामांच्या षष्ठीला इंग्रजीत हे चिन्ह कधीच लागत नाही. 'हिज', 'हर्स', 'अवर्स' यांत ते नाही, म्हणून 'त्याचा' या अर्थाच्या 'इट्स'मध्येही नाही. चिन्ह दिले, की तो शब्द 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा उलगडता आला पाहिजे. वाक्यात तो उलगडून पाहावा. अर्थ लागत नसेल, तर चिन्ह खोडावे.

'ब्रेक'ची गोष्ट याहून गोड आहे. गाडी थांबवणारा ब्रेक बी-आर-ए-के-ई असा लिहितात आणि मोडणे किंवा मधली सुट्टी या अर्थाचा ब्रेक ई-ए घालून लिहितात. ब्रेकफास्ट म्हणजे शब्दशः रात्रीचा उपास मोडणे. तेव्हा सकाळी न्याहारीला जे स्पेलिंग असते, तेच चहाच्या सुट्टीला आणि फुटलेल्या कपाला.

मराठी गप्प बसते तेव्हा

काही ठिकाणी मात्र मराठीतही दोघांना एकच शब्द असतो किंवा फरक पुरेसा टोकदार नसतो आणि तेथे आठवणीला एखादा खुंटा लागतो. इंग्रजी पुस्तकांतल्या युक्त्या आपल्याला परक्या वाटतात, म्हणून मी शक्य तेथे घरच्याच वापरतो.

'प्रिन्सिपल' म्हणजे प्राचार्य, गृहकर्जाच्या हप्त्यातले मुद्दलही प्रिन्सिपल आणि तत्त्वही प्रिन्सिपल. पहिल्या दोघांत 'मुख्य' हा अर्थ आहे: संस्थेतला मुख्य माणूस आणि कर्जातली मुख्य रक्कम. त्यांचा शेवट ए-एल असा होतो. तत्त्वाचा शेवट एल-ई असा होतो, जसा 'रूल'चा होतो, आणि रूल म्हणजे नियम हे सर्वांना ठाऊक आहे. 'स्टेशनरी'त कागद-पेन्सिली असतील, तर शेवटाकडे ई-आर आहे, जसे 'पेपर'मध्ये. जागचे न हलणारे असेल, तर ए-आर आहे, जसे उभ्या असलेल्या 'कार'मध्ये. वास्तविक हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत. फिरत्या विक्रेत्यांहून वेगळा, एका जागी दुकान थाटून बसलेला पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडे मिळणारा माल म्हणजे स्टेशनरी.

नगरपरिषदेच्या 'काउन्सिल'मध्ये दुसऱ्यांदाही सी येतो, 'सिटी'मधला. सल्ला, समुपदेशन किंवा न्यायालयातला वकील या अर्थाच्या शब्दात एस येतो. सल्ला आणि समुपदेशन हे दोन्ही 'स'ने सुरू होतात, याहून सोपी खूण सापडणार नाही. त्यामुळे नगरसेवक सी-चा आणि समुपदेशक एस-चा. शाळेच्या फलकावर या दोघांची अदलाबदल झाली, तर मुलांना सल्ला द्यायला नगरसेवक बसले आहेत असा अर्थ होतो.

'कॉम्प्लिमेंट' म्हणजे कौतुक असेल, तर मध्ये आय येतो. खेड्यापाड्यांत आईला 'आय' म्हणतात आणि आपले पहिले कौतुक तीच करते, एवढे मला पुरते. हॉटेलच्या खोलीतल्या पत्रकावर मोफत न्याहारीसाठी जे विशेषण छापतात, तेही याच आय-चे. एकाने दुसऱ्याला पूर्णत्व आणणे असा अर्थ असेल, तर ई येतो, 'कम्प्लीट'मधला.

परिणामाची जोडी सर्वांत अवघड आहे, कारण 'परिणाम' आणि 'परिणाम करणे' यांत मराठी कानाला वेगळेपणा जाणवत नाही. येथे ओळखीचा शब्द धरावा. औषधाचा 'साइड इफेक्ट' आपण रोज म्हणतो; तो नाम आहे आणि त्याची सुरुवात ई-ने होते. वाक्यातल्या शब्दाच्या जागी 'साइड इफेक्ट' व्याकरणाने बसत असेल, तर ई. बसत नसेल, म्हणजे तेथे क्रियापद असेल, तर ए. व्यवहारात भेटणारा अपवाद एक आहे. कार्यालयीन इंग्रजीत एखादा बदल 'घडवून आणणे' किंवा 'अमलात आणणे' या अर्थी ई-चा शब्दही क्रियापद म्हणून येतो. सरकारी पत्रात तो दिसला, तर चूक समजून दुरुस्त करू नये.

सल्ला आणि सल्ला देणे, सराव आणि सराव करणे, परवाना आणि परवाना देणे या तीन जोड्या एकत्र लक्षात ठेवाव्यात. पहिल्या जोडीत फरक ऐकू येतो: नाम 'ॲडव्हाइस', क्रियापद 'ॲडव्हाइज'. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस. उरलेल्या दोन जोड्यांत फरक ऐकू येत नाही, पण लेखनाचा नियम हाच. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याच्या परवान्याचे स्पेलिंग सी-ने आहे, ते याच नियमाने. अमेरिकी पद्धतीत पहिली जोडी अशीच राहते, पण उरलेल्या दोन बदलतात. तेथे सरावाला दोन्ही रूपांत सी आणि परवान्याला दोन्ही रूपांत एस लिहितात. बँकेचा चेकही तेथे तपासण्याच्या चेकसारखाच लिहितात. आपल्याकडे 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यात, त्याच्या शेवटी क्यू-यू-ई आहे. संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजीवर ठेवलेली असेल, तर तो आपल्या बरोबर शब्दाखालीही लाल रेघ ओढतो, म्हणून लेखनाला बसण्यापूर्वी ती सेटिंगमध्ये पाहून घ्यावी.

एक वाक्य सोडवून पाहू

समजा, सोसायटीच्या एका सभासदासाठी बँकेला पत्र लिहायचे आहे आणि त्यात हे वाक्य आहे: 'प्लीज ॲडव्हाइज वेदर द सेल ऑफ द फ्लॅट विल अफेक्ट देअर लोन प्रिन्सिपल.' देवनागरीत ते सरळ दिसते, पण रोमन लिपीत उतरवताना सहा ठिकाणी हात अडखळतो.

'प्लीज'च्या पुढे विनंती, म्हणजे क्रियापद आले. 'सल्ला द्या' असा अर्थ, म्हणून एस. 'वेदर'च्या जागी मराठीत 'होईल की नाही' येते. हवामानाचा येथे संबंध नाही, म्हणून डब्ल्यू-एच. 'सेल'च्या आधी 'द' आहे, तेव्हा ते नाम, म्हणजे विक्री. लांब उच्चाराचा, एस-ए-एल-ई. 'विल'नंतर क्रियापद लागते आणि 'साइड इफेक्ट' तेथे बसत नाही, म्हणून सुरुवातीला ए. 'देअर' म्हणजे 'त्यांच्या', म्हणून ई-आय-आर. राहिले 'प्रिन्सिपल', कर्जाचे तत्त्व नसते, मुद्दल असते, म्हणून शेवटी ए-एल.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून सहाही शब्दांवर बारीक बरोबरच्या खुणा केल्या आणि मग पेन उलटे धरून वाक्याच्या शेवटावर टकटक केली. पूर्णविराम द्यायचा राहिला होता.